जाऊबाईंची झोप

आमच्या मोठ्या जाऊबाई लॉन्ड्रीत इस्त्रीला आहेत. दिवसभर उभ्याने शर्टांच्या कॉलरी सरळ करायच्या आणि घरी येऊन माणसांना. आम्ही मागे त्यांना 'कडक' म्हणतो. तोंडावर म्हणायची कुणाची बिशाद! त्यांना मूलबाळ नाही. माझ्या मुलाला जन्म मी दिला, पण मोठा केला त्यांनी. मी कारखान्यात पाळीवर जायचे आणि पोरगं दिवसभर काकूच्या मागे मागे.

पुढे तो चित्रकार झाला. जाऊबाईंना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी कौतुक गावभर. मग गेल्या वर्षी त्यांच्या डोक्याचं ऑपरेशन झालं आणि महिनाभर हॉस्पिटलात काढावा लागला. शेजारपाजार, लॉन्ड्रीतल्या बायका, सगळे भेटून गेले. हा पठ्ठ्या एकदाही आला नाही. विचारलं तर म्हणे, "कामात होतो." जाऊबाईंनी त्याच्याशी बोलणंच टाकलं. मला तर त्याचा भयंकर राग आला होता, आणि त्याहून जास्त लाज वाटत होती.

परवा शहरातल्या मोठ्या गॅलरीत त्याच्या चित्रांचं प्रदर्शन लागलं. मी एकटीच निघाले होते, तर जाऊबाई तयार होऊन दारात उभ्या.

"चल. एवढं कसलं काम लागून गेलं होतं ते तरी बघू."

गॅलरीत पहिल्याच खोलीत चुरगळलेल्या चादरींचा ढीग. म्हणे, तीही कलाच. जाऊबाईंचे हात शिवशिवायला लागले, तशी मी त्यांना दंड धरून पुढे काढलं. दुसऱ्या खोलीत पडद्यावर एक माणूस नुसता जिना चढत होता. "याला वर कुणी बोलावलंय तरी का?" जाऊबाई म्हणाल्या.

शेवटच्या खोलीत आमच्या चिरंजीवांची चित्रं होती. पेन्सिलची, लहान लहान, चारी भिंतींवर. सगळ्यांत एकच बाई, झोपलेली. तोंड उघडं, गाल ओघळलेले, डोक्याला पट्टी. मला ओळखायला जरा वेळच लागला, कारण जाऊबाईंना झोपलेलं मी कधी पाहिलंच नव्हतं. लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय, सगळ्यांच्या आधी उठणार आणि सगळ्यांच्या नंतर आडव्या होणार. आता काही आमची धडगत नाही, असं मला वाटलं.

पण त्या भिंतीजवळ गेल्या. एकेका चित्रापुढे थांबत सरकत राहिल्या. आधी पट्टी मोठी, मग लहान. मग टाके. मग टाक्यांभोवती उगवलेले केसांचे खुंट. शेजारी मी नेलेला थर्मास. दुपारचं औषध देऊन मी कामावर जायचे, मग त्यांना गाढ झोप लागायची आणि पलंगाजवळची खुर्ची रिकामी असायची. त्या खुर्चीत बसून हा मुलगा रोज चित्र काढत होता.

तो कोपऱ्यात मान खाली घालून उभा होता. जाऊबाई त्याच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"रोज येत होतास?"

"हो."

"मग मला उठवायचं नाही का रे?"

"उठलीस की आधी विचारणार, जेवलास का," तो म्हणाला. "डोक्याला एवढी पट्टी बांधलेली, तरी तेच विचारलं असतंस. मला नसतं सहन झालं, काकू. तू जरा हललीस की मी पळायचो."

जाऊबाईंनी त्याच्या गालावरून हात फिरवला.

"वाळलायस," त्या म्हणाल्या. "जेवलास का?"

आणि आमचा चित्रकार सगळ्या पाहुण्यांसमोर हमसून हमसून रडायला लागला.