काकांचा काळा-पांढरा कॅमेरा

एक्सरेवाले काका हातात येईल ती वस्तू आधी उजेडासमोर धरत. लग्नपत्रिका असो, औषधाची बाटली असो, नाहीतर काकूंनी लाटलेला पापड. वणीच्या एका दवाखान्यात जन्मभर एक्सरे काढले, त्याची ही सवय. "फोटोत रंग नसला तं माणूस नीट पाह्यते," असं ते म्हणत.

निवृत्तीनंतर त्यांना आकाशाचे फोटो काढायचा नाद लागला. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते, मलाही तोच नाद. तिथूनच आमची ओळख. वणीचं आभाळ कोळशाच्या धुळीनं आणि खाणीच्या दिव्यांनी गढूळ, म्हणून अमावास्येच्या सुमारास आम्ही राळेगावकडे माझ्या मामाच्या शेतावर जायचो. काकूही येत. थर्मास घेऊन बाजेवर बसत आणि आमची भांडणं ऐकत.

भांडण एकच. काकांचा कॅमेरा सेकंडहँड, जुन्या सीसीडी सेन्सरचा, काळा-पांढरा. लाल, हिरवी, निळी काच पाळीपाळीनं लावून ते तीनदा फोटो घेत आणि मग घरी बसून रंग जुळवत. मी नवा सीएमओएस सेन्सरचा रंगीत कॅमेरा घेतला तेव्हा म्हणाले, "तुयावाल्या सेन्सरच्या दर ठिपक्यावर रंगीत चष्मा हाय वं. उजेड अर्ध्याहून जास्त बाहेरच राह्यते."

"मग एकदा शेजारी शेजारी ठेवून बघूच," मी म्हटलं.

मृगातला तेजोमेघ, दोघांना सारखाच वेळ. लॅपटॉपवर माझ्या फोटोत तेजोमेघाच्या अगदी फिकट कडाही उमटल्या; त्यांच्या फोटोत त्या दाणेदार करड्या रंगात बुडाल्या होत्या. नव्या सेन्सरची स्वतःची खरखर, म्हणजे फोटोत उमटणारे दाणे, किती कमी, हे मी त्यांना वर्गात शिकवावं तसं समजावत सुटले. काका बराच वेळ दोन्ही फोटो पाहत राहिले. "जितला तुया कॅमेरा," एवढंच म्हणाले.

त्यानंतर ते आले नाहीत. दोनदा फोन केला, तर "पाहू पुढच्या अमावास्येले" म्हणाले. मला वाटलं, रुसले. या वयात एवढा कसला हट्ट, असं मनात आणून मी तिसरा फोन केलाच नाही. उन्हाळ्यात ते गेल्याचं बाजारात कुणाकडून तरी कळलं.

मी तशीच त्यांच्या घरी गेले. बैठकीत मी त्यांना पाठवलेला माझा तो मृगाचा फोटो मोठा करून, फ्रेम करून लावला होता.

"आल्यागेल्याले दाखवत," काकू म्हणाल्या. "आमच्या पोरीनं काढला म्हणत. संक्रांतीपासून दम लागे त्यायले. चार पावलं चालले का बसत. तुले सांगू नोको म्हणे, पोरगी जाणं सोडून देईन."

मी जाणं सोडलं नव्हतं. त्या सगळ्या अमावास्यांना मी शेतावर जाऊन आले होते. रस्ता त्यांच्या घरावरूनच जातो. खिडकीत दिवा दिसायचा. मी गाडी थांबवली नाही.