माईआत्याचे दोन समुद्री किडे

मंडळी, घाईघाईत लिहितेय, चुका माफ करा!

आमची माईआत्या पन्नासच्या दशकात कोल्हापुरात कॉलेजला होती. सहलीत रत्नागिरीच्या किनाऱ्यावर तिला पाठीवर खवले असलेले दोन समुद्री किडे सापडले. "हे वेगवेगळ्या जातींचे आहेत," ती म्हणाली. सरांनी न तपासताच हसून दोघांना एकाच बाटलीत घातलं आणि लेबलवर एकच नाव लिहिलं.

मी आता त्याच कॉलेजात शिकवते. आज प्रयोगशाळेच्या कपाटात ती बाटली सापडली. सूक्ष्मदर्शकाखाली खवल्यांच्या जोड्या मोजल्या. एकाला बारा, दुसऱ्याला पंधरा, म्हणजे जाती वेगळ्याच!

लगेच आत्याला फोन लावला. "आत्या, तुझंच बरोबर होतं!"

नव्वदीला टेकलेली आत्या ओरडलीच, "व्हय? मग लेबल बदल की आधी!"

बदललं. शोधणाऱ्याच्या जागी तिचं नाव लिहिलं.

तुमच्या घरात आहे का असं कुणी, जिचं म्हणणं कुणी तपासूनच पाहिलं नाही?