नकाशावरचं कोरं घर

आमच्या गल्लीच्या मागेच कारखान्यांची धुराडी आहेत. परवा सकाळी आरोग्य केंद्रातल्या सुनंदाताई गल्लीचा नकाशा घेऊन दारात आल्या. ज्या घरात कुणाला दमा किंवा जुना खोकला असेल, त्या घरावर त्या लाल ठिपका देत होत्या. आमच्या शेजारची चारही घरं लाल झाली होती.

"तुमच्याकडे कुणाला त्रास?"

"नाही," मी म्हणालो. आत माझी मुलगी दम्याचा पंप ओढत बसली होती. रविवारी तिला बघायला पाहुणे यायचे होते.

ताई पुढे गेल्या आणि मला बसवेना. धूर काय माझं एकट्याचं दार टाळून जातो? सगळ्यांनीच असं लपवलं, तर त्याच्याबद्दल बोलणार कोण?

मुलगी बाहेर आली. "बाबा, त्यांना खरं सांगून या. लपवून माझा श्वास मोकळा होणार आहे का?"

मी अनवाणीच धावलो. कोपऱ्यावर ताईंना गाठलं, पण इतकी धाप लागली की शब्द फुटेना. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

"काका, तुम्हाला हे कधीपासून होतंय?"