महागलेली सिगारेट आणि मशेरीची डबी

महिनाभरापूर्वी एका सोमवारी सकाळी रंगनाथ आणि शालनताई माझ्या क्लिनिकमध्ये आले. (नावं बदलली आहेत, लिहायची परवानगी त्यांनीच दिली.) मार्केट यार्डाजवळ माझा दाताचा दवाखाना आहे. पेशंट बरेचसे तिथलेच... हमाल, टेम्पोवाले, मिरच्या निवडणाऱ्या बायका.

रंगनाथ हमाली करतात. त्यांची दाढ दुखत होती, ताई नेहमीसारख्या सोबत आल्या होत्या.

मागच्या वेळी मी त्यांना सिगारेटवरून चांगलंच झापलं होतं. या वेळी खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनीच सांगितलं, "म्याडम, सिगारेट बंद. टॅक्स वाढला, परवडंना."

मला बरंच वाटलं. तंबाखूवर कर वाढला की मी मनातल्या मनात टाळ्या वाजवते. हिंजवडीच्या आयटीवाल्या पेशंटना त्याचा पत्ताही लागत नाही, पण रोजंदारीवरचा माणूस खरंच थांबतो... "शाबास," मी म्हणाले.

दाराशी उभ्या ताई हसल्या. "कशाची बंद? माझ्या मशेरीच्या डबीत बोटं घालत्यात आता."

मशेरी म्हणजे तव्यावर भाजून कुटलेली तंबाखू, दातांना घासायची. सुटी तंबाखू आणून बायका घरीच करतात. पाकिटावरच्या कराची झळ तिला फारशी लागत नाही.

रंगनाथांच्या हिरड्या खराब होत्या, बाकी काही नव्हतं. मग सहज म्हणून ताईंना खुर्चीत बसवलं. "मला काय झालंय?" म्हणत नाराजीनेच बसल्या.

डाव्या गालाच्या आत पांढरा, खरखरीत चट्टा होता. दिवाळीपासून आमटीसुद्धा झोंबते म्हणाल्या. दिवसभर मिरच्यांत हात असतात, त्याचंच असेल असं त्यांना वाटलं होतं.

कॅन्सर नाही ना हे बघायला चट्ट्याचा छोटा तुकडा तपासायला पाठवावा लागेल, असं मी सांगितलं. रंगनाथ म्हणाले, "ओढत मी होतो... अन् हिला कसं काय?"

उत्तर सोपं होतं. लग्नाआधीपासून ताई दिवसातून तीनदा मशेरी लावत होत्या. दर वेळी नवऱ्यासोबत यायच्या, आणि मी त्यांना कधी काही विचारलंच नव्हतं.

आठ दिवसांनी रिपोर्ट आला. कॅन्सर नाही. पण मशेरी चालू राहिली तर होऊ शकतो, हे मी दोघांना समोर बसवून स्पष्ट सांगितलं.

सोडणं सोपं नव्हतं. मशेरीशिवाय पोट साफ होईना, डोकं दुखायचं, चिडचिड व्हायची. पहिल्या आठवड्यात एकदा शेजारणीकडून मागून लावली... तेही ताईंनीच सांगितलं. मग रंगनाथांनीही मशेरी बंद केली. आता सकाळी दोघं गरम पाणी पितात आणि तलफ जाईपर्यंत वस्तीतून चालत राहतात.

परवा ताई तपासणीला आल्या होत्या. चट्टा किंचित फिका झालाय. म्हणाल्या, "काल ठेचा खाल्ला, म्याडम. झोंबला, पण ठेच्यासारखाच झोंबला."

कर वाढावा, हे माझं मत आजही तेच आहे. पण सिगारेट परवडेनाशी झालेला माणूस पुढे कशाकडे वळला, आणि घरात आधीपासून कोण काय लावतंय, हे करातून कळत नाही. ते विचारावं लागतं... आता कुणी "सोडली" म्हणालं की शाबासकी द्यायच्या आधी मी सोबत आलेल्या बाईला खुर्चीत बसवते.