कोशाचं पथ्य

आम्ही ढिवर. तलावातली मासोळी हेच आमचं रोजचं जेवण. पण बाबा कोशाच्या, म्हणजे रानरेशमाच्या किड्यांची राखण करायला जंगलात गेले, की किड्यांनी कोसा बांधेपर्यंत घरात मासोळी बंद. येनाच्या झाडावर किडे आणि घरात आम्ही, दोघांनीही पाल्यावर जगायचं. आई त्या दिवसांत केसांना तेलही लावत नसे. पथ्य मोडलं की कोसा हातचा जातो, हे आमच्याकडे पाढ्यांपेक्षा पक्कं होतं.

दहावीच्या वर्षी त्याच दिवसांत मी मैत्रिणीकडे मासोळीचा रस्सा खाल्ला. खरं सांगायचं तर दोनदा.

त्या वर्षी कोसा दृष्ट लागावी असा आला, टणक आणि मोठा. आणि दरवर्षीच्या व्यापाऱ्यानं तो घेतलाच नाही. अंगणात उभ्या उभ्या म्हणाला, "भाऊ, चीनचं सूत येऊन राह्यलं. सरकारनं त्याच्यावरचा कर कमी केला. तुमचा कोसा कोनी पुसून नाई राह्यलं."

बाबांनी ऐकून घेतलं. तो गेल्यावर घरात येऊन एवढंच विचारलं, "मासोळी कोन खाल्ली?"

कोसा बिघडला नव्हता, गिऱ्हाईक बिघडलं होतं. बाबांच्या लेखी दोन्हीचं कारण एकच. मी चुलीपाशी बसले होते. आईनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मी खाल्ली."

त्यांनी तिला मारलं नाही, शिवीही दिली नाही. फक्त तिच्याशी बोलणं सोडलं, आणि पुन्हा कधी कोसा लावला नाही. काही वर्षांनी आई तापानं गेली. मला रडू आलं नाही. लाज वाटते, पण तीही दुसऱ्या कुणाची असावी तशी, लांबून.

पुढे मला नागपूरला साड्या विणणाऱ्या एका संस्थेत सुताच्या गोदामावर काम मिळालं. कोशाच्या साडीचं सूत तिथं चिनी पेट्यांतून यायचं. तिकडचं सरकार पिकवणाऱ्याला मदत देतं, इथं आयात शुल्क उतरतं, मग ते सूत आपल्या जंगलातल्यापेक्षा स्वस्त पडतं, असं तिथल्या म्हाताऱ्या कारकुनानं मला चहा पिता पिता समजावलं. व्यापारी खरंच बोलला होता.

मागच्या दिवाळीत मी हे बाबांना सांगितलं. पथ्याचा काही संबंध नव्हता, कर उतरला म्हणून आपला कोसा पडून राहिला, असं अगदी सोपं करून. जाळं शिवता शिवता त्यांनी सगळं ऐकलं.

"मंग तुया मायनं काऊन कबूल केलं?"

"मी खाल्ली होती, बाबा."

"तिले मालूम होतं?"

"हो."

त्यांनी सुई जाळ्यात खोचून ठेवली.

"ती जाऊन राह्यली होती, तवा तरी सांगाले पायजे होतं," ते म्हणाले. "तिच्या तोंडात पानी टाकाले मी आलो नवतो."