माळावरचा लिंब

मला एका जागी बसवत नाही. शाळेतून रिटायर झाले तरी नाही. "बाईच्या पायाला भिंगरी हाय," असं राणीसावरगावजवळच्या आमच्या गावात सगळेच म्हणतात. त्या भिंगरीपायीच मी गावाला एक सवय लावली. कुणी गेलं की सावडलेली राख गंगाखेडला नेऊन नदीत सोडायची नाही. गावामागच्या माळावर खड्डा घ्यायचा, राख त्यात टाकायची आणि वर झाड लावायचं. नदी स्वच्छ, माळ हिरवा! स्वतःवर मी भलतीच खूश होते. हे गेले तेव्हा यांच्या राखेवर मी लिंब लावला आणि पहिला उन्हाळा कळशीनं पाणी नेऊन जगवला.

माळ झाडांनी भरत गेला आणि काळविटं दिसेनाशी झाली. आधी शाळेच्या खिडकीतून कळप दिसायचा. मी कुत्र्यांना दोष दिला, नव्या रस्त्याला दिला, तारेच्या कुंपणांना दिला. झाडांकडे माझं बोट कधी वळलं नाही.

गेल्या हिवाळ्यात वनखात्याचा गार्ड आला. पलीकडच्या राखीव कुरणाला आमचा माळ जोडायचं चाललं होतं. मी मोठ्या दिमाखात त्याला झाडं दाखवत फिरले.

"बाई, काळविटाला मोकळं गवत लागतंय," तो शेवटी म्हणाला. "लांबचं दिसलं पायजे, पळायला जागा पायजे. झाडीला ते भितंय. ही झाडं ठिवून माळ जोडला तर काय उपेग न्हाई."

"झाडं तोडा म्हणणारा गार्ड मी आज पहिल्यांदा बघितला," मी फणकाऱ्यानं म्हणाले आणि तरातरा घरी आले. चार दिवस अंगणातून घरात, घरातून अंगणात येरझाऱ्या घातल्या. चूक माझीच होती. आपलेच दात, आपलेच ओठ.

माळ गावाचा, म्हणून ग्रामसभा बसली. मी उभी राहून गार्डचं म्हणणं सांगितलं. आमच्या शेताचा शेजारी ताडकन उठला.

"बाई, तुमीच लावायला सांगितलं, आन् आता तुमीच तोडायला सांगायलाव? माझी माय हाय तिथं!"

मग सरपंचांनी विचारलं, "बरं, तोडायचीच म्हनलं तर सुरू कुनाच्या झाडापासून करायचं?"

सगळ्यांच्या माना खाली.

"आमच्या," मी म्हणाले. आवाज इतका मोठा निघाला की मीच दचकले.

लिंब तोडायला तोच शेजारी आला. मी कुऱ्हाड मागितली तर त्यानं दिली नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच्या आईचं झाड तोडलं, तेव्हा मी त्याच्याजवळ उभी होते. मग एकेक घर पुढं आलं.

माळ कुरणाला जोडायचा कागद अजून वरच अडकलाय. कळपही परतलेला नाही. माझा जीव थाऱ्यावर नाही. काळविटं आलीच नाहीत तर गावाला तोंड कसं दाखवू?

आणि लिंब चिवट. बुंध्यातून पुन्हा पुन्हा फुटतो. गार्ड म्हणाला, फुटवे राहू दिले तर दोन वर्षांत जसाच्या तसा होईल. म्हणून दर आठवड्याला मी माळावर जाते. ज्या झाडाला पाणी घातलं, त्याचे कोवळे तांबूस फुटवे माझ्याच हातानं खुडते. प्रत्येक वेळी यांची माफी मागते.

परवा बुंध्याजवळ लेंड्या दिसल्या. ताज्या, काळविटाच्या. धावत गावात जाऊन सांगावं असं वाटलं. पण आधी खाली बसले आणि फुटवे खुडले.