उपयोग: शोध चालू

सिल्वासाच्या आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर जवळच्या मसाटच्या कारखान्यातला टाकाऊ धागा आणून गाठी मारत बसायचे. परदेशात डीएनएच्या रेणूंचा अतिसूक्ष्म, पोकळ घन बांधल्याचं वाचून त्यांनी धाग्याचा तसाच घन विणला. विज्ञान प्रदर्शनात पहिलं बक्षीस सूक्ष्मदर्शकाचं होतं. आमच्याकडे एकही नव्हता. मराठी शिकवणाऱ्या, पत्रकं लिहिण्यात मुरलेल्या मी फलक रंगवला: ‘औषध थेट रोगापर्यंत नेणारी पेटी!’

“नेलंय का कुणी अजून?” सरांनी विचारलं.

“नेतील की, सर!”

“मग नेल्यावर लिहा.” फलक पुसून त्यांनी लिहिलं, ‘उपयोग: शोध चालू.’

सूक्ष्मदर्शक शेजारच्या मेजावरच्या ‘पेट्रोलऐवजी पाण्यावर धावणाऱ्या मोटारी’ला मिळाला. टाळ्या वाजवून सर त्या मोटारीपाशी गेले आणि कुतूहलाने म्हणाले, “जरा चालवून दाखवता?”